मागे कोण लागलंय?

मुलांनो, सिनेमातला पाठलाग तुम्ही सगळ्यांनी पाहिला असेल. पुढे मोटारसायकल, मागे पोलिसांची जीप. भाजीची हातगाडी उलटते, टोमॅटो रस्ताभर होतात, कोंबड्या फडफडत उडतात आणि मोटारसायकलवाला सुळकन निसटतो. आपण टाळ्या पिटतो. माझ्या चौथीच्या वर्गात मधल्या सुट्टीत हाच खेळ चालतो. तोंडाने ‘भुर्रर्र’ करत एकजण पुढे आणि ‘पीं पीं’ करत चौघे त्याच्या मागे. गंमत म्हणजे पोलीस व्हायला कुणीच राजी नसतं. सगळ्यांना पुढेच पळायचं असतं!

सिनेमासाठी रस्ता आधी रिकामा करून घेतलेला असतो. हातगाडीवाला नट असतो. पडणाऱ्याने कसं पडायचं याची तालीम केलेली असते. खऱ्या रस्त्यावर काठी टेकत चाललेले आजोबा असतात, दळण घेऊन निघालेली आई असते, शाळा सुटल्यावर एकमेकांना ढकलत चाललेले तुम्ही असता. तालीम कुणाचीच झालेली नसते. मग खरे पोलीस पळणाऱ्या मोटारसायकलवाल्याचं करतात तरी काय?

हा प्रश्न माझ्या वर्गातल्या एका चुणचुणीत मुलीनेच विचारला होता. जानेवारीत रस्ता सुरक्षेचे कार्यक्रम असतात. त्यानिमित्त वाहतूक शाखेचे एक हवालदार आमच्या शाळेत आले होते. मिशा भरघोस, आवाज मात्र मऊ. सिग्नलचे रंग, झेब्रा पट्टे सगळं सांगून झालं आणि ही उठून उभी राहिली.

“काका, तुम्ही हात केला आणि मोटारसायकलवाला थांबलाच नाही, तर? तुम्ही त्याच्या मागे जोरात जाता?”

वर्ग एकदम गप्प. सगळ्यांना गोष्ट हवी होती. हवालदार काकांनी खिशातून एक छोटी वही काढली आणि म्हणाले, “मी त्याचा नंबर लिहून घेतो.”

“एवढंच?” मागच्या बाकावरून आवाज आला. वर्गाचा अगदी हिरमोड झाला.

“एवढंच नाही रे बाळा,” काका हसले. मग त्यांनी त्यांच्या कामाची रीत सांगितली. नाकाबंदी वळणावर किंवा उतारावर लावायची नाही. लांबून दिसेल अशा सरळ रस्त्यावर लावायची, म्हणजे येणाऱ्याला गाडी हळू करायला वेळ मिळतो. रात्री अंगात चमकणारं जाकीट आणि हातात बॅटरी हवीच. हात दाखवणारा पुढे उभा राहतो, नंबर टिपणारा त्याच्या मागे. चालत्या गाडीचं हँडल धरायचं नाही, गाडीपुढे आडवं व्हायचं नाही, काठी तर मुळीच उगारायची नाही. गाडी निसटली तर वायरलेसवर पुढच्या चौकीला कळवायचं. “तो कितीही जोरात गेला तरी माझा निरोप त्याच्या आधी पोचतो,” काका म्हणाले. “आणि पुढच्या चौकीला नाही सापडला तरी नंबरावरून गाडी कुणाची ते कळतंच. बाई, खरं सांगू? वीस वर्षांपूर्वी माझंही रक्त सळसळायचं. कुणी निसटला की वाटायचं, हा मला हसून गेला! पण आपल्या हट्टापायी एखादं पोर खांबावर आदळलं, तर त्याच्या आईला काय सांगणार?”

ते गेल्यावर मी गणिताच्या तासाला फळ्यावर हेच उदाहरण घेतलं. तुम्हीही वहीत करून पाहा. ताशी ३६ किलोमीटर वेगाने जाणारी मोटारसायकल एका सेकंदात १० मीटर जाते. वेग ७२ केला की एका सेकंदात २० मीटर. समोर काही आलं, तर ते दिसून ब्रेक दाबेपर्यंत साधारण एक सेकंद जातोच. म्हणजे ब्रेक लागण्याआधीच ताशी ७२ ने जाणारी गाडी २० मीटर पुढे! आता खरी मेख ऐका. वेग दुप्पट झाला की ब्रेक दाबल्यानंतर गाडी थांबायला लागणारं अंतर दुप्पट होत नाही, चौपट होतं. कोरड्या, चांगल्या रस्त्यावर ७ मीटरांत थांबणारी गाडी आता २८ मीटर घेते. हे झालं समोर बघून चालवणाऱ्याचं. पळणारा तर सारखा मागे वळून बघत असतो. गाडीला चाकं दोनच. बारीक खडी, सांडलेलं तेल, एक खड्डा, एवढं पुरतं. आणि जीपला पत्र्याचं अंग असतं, मोटारसायकलवाल्याचं अंग हेच त्याचं पत्रं.

हे सगळं विसरलं की काय होतं, हे सांगणं मला भाग आहे. तमिळनाडूत तिरुचिरापल्लीजवळ तुवाकुडी नावाचं गाव आहे. ७ मार्च २०१८ च्या संध्याकाळी तिथे हेल्मेटची तपासणी चालू होती. एक नवरा-बायको मोटारसायकलवरून चालले होते. नवऱ्याच्या डोक्यावर हेल्मेट नव्हतं. एका पोलीस निरीक्षकाने त्यांचा पाठलाग केला आणि चालत्या गाडीला लाथ मारली, असा आरोप झाला. दोघं पडली. मागे बसलेली पत्नी गेली. हजारो लोक रस्त्यावर उतरले, वाहतूक बंद पडली, त्या निरीक्षकाला अटक झाली. पण गेलेलं माणूस परत आलं नाही. हेल्मेट कशासाठी असतं? जीव वाचवण्यासाठी. आणि त्याच हेल्मेटच्या तपासणीत एक जीव गेला. याहून उलटं काय असणार!

पुढच्या वर्षी, म्हणजे नोव्हेंबर २०१९ मध्ये, केरळच्या उच्च न्यायालयाने याच विषयावर स्पष्ट सांगितलं. हेल्मेट न घालणाऱ्याला पाठलाग करून पकडू नका. रस्त्याच्या मध्ये येऊन त्याला अडवू नका. कॅमेरे आहेत, ते वापरा, नंबर टिपा आणि कायद्याने कारवाई करा. आमच्या हवालदार काकांची छोटी वही आणि न्यायालयाचा शहाणपणा, दोन्ही एकच की! पण रीत सांगून चालत नाही, ती अंगी मुरावी लागते. त्याच महिन्याच्या अखेरीस केरळमध्येच कडक्कल इथे न थांबणाऱ्या एका तरुण मोटारसायकलस्वारावर पोलिसाने काठी फेकली. त्याचा तोल गेला, तो समोरून येणाऱ्या मोटारीवर आदळला आणि जबर जखमी झाला. त्या पोलिसाला निलंबित केलं गेलं.

इथे तुमच्यातला एखादा हुशार म्हणेल, “बाई, मग तर सगळेच पळतील! चोरसुद्धा म्हणतील, बरं झालं, कुणी मागे येत नाही.” अगदी बरोबर शंका आहे. हेल्मेट विसरलेला माणूस आणि सोनसाखळी ओढून पळणारा चोर यांना एकाच मापाने मोजता येत नाही. लंडन शहरात हाच पेच पडला होता. तिथे स्कूटरवरून येऊन लोकांच्या हातातले मोबाइल हिसकावणाऱ्या टोळ्या माजल्या होत्या. त्यातले काही चोर इतके बेरकी की पोलीस दिसताच हेल्मेट काढून फेकत. का? तर हेल्मेट नसलेल्याचा पाठलाग करायला पोलीस कचरतील, म्हणून.

मग लंडनच्या पोलिसांनी डोकं चालवलं. २०१७ मध्ये त्यांनी एक खास फवारा आणला. तो चोराच्या अंगावर आणि गाडीवर उडवायचा. साध्या डोळ्यांना काही दिसत नाही, पण नंतर विशिष्ट दिव्याखाली धरलं की डाग चमकतो आणि हा नेमका कोणत्या ठिकाणचा फवारा ते कळतं. म्हणजे चोर आज निसटला, तरी खूण अंगावर घेऊनच! गल्लीबोळांतून जातील अशा सडपातळ मोटारसायकलीही त्यांनी घेतल्या. शिवाय तिथे पाठलाग चालू ठेवायचा की सोडायचा, हे रागावलेल्या चालकाच्या एकट्याच्या मनावर सोडत नाहीत. नियंत्रण कक्षातला अधिकारी वायरलेसवर सगळं ऐकत असतो आणि धोका वाढला की पाठलाग थांबवायला सांगतो. फारच गंभीर प्रसंग असेल, तर खास शिक्षण घेतलेले चालक आपल्या मोटारीने स्कूटरला धक्का देऊन चोराला पाडतात. हे २०१८ मध्ये लोकांसमोर आलं, तेव्हा तिथेही मोठा वाद झाला. पोलिसांनी असं करावं का, चोराचाही जीव जीवच नाही का, असं विचारणारे पुष्कळ होते. मला त्यातून एवढंच समजलं की पाठलाग करणं आणि न करणं, दोन्ही विचार करूनच ठरवायचं असतं. गुन्हा केवढा, रस्ता कसा, माणसं किती, पळणारा नंतर सापडेल का? या चारही प्रश्नांची उत्तरं काही क्षणांत द्यायची असतात. शूर पोलीस म्हणजे सगळ्यांत जोरात गाडी हाणणारा नव्हे, हे विचार करूनही हात स्थिर ठेवणारा.

आपल्याकडेही पळून जाण्यात आता काही राम उरलेला नाही. मुंबईत २०१६ पासून ई-चलन सुरू झालं आणि पुढे ते राज्यभर पसरलं. चौकातला कॅमेरा नंबर टिपतो आणि दंडाचा निरोप गाडीच्या मालकाच्या मोबाइलवर येतो. १ एप्रिल २०१९ पासून नव्या गाड्यांना येणाऱ्या नंबरपाट्यांचं कुलूप असं असतं की पाटी काढायला गेलं तर ते तुटतंच. माणूस पळाला तरी नंबर कुठे पळणार?

आता सांगते ती गोष्ट माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याची. नाव सांगत नाही, त्याला आवडणार नाही. चौथीत माझ्या वर्गात होता. पाढे तोंडपाठ, अक्षर मोत्यासारखं. नववीत गेल्यावर सकाळी दूध आणायला वडिलांची मोटारसायकल घेऊन जाऊ लागला. घरच्यांना कौतुक. एके दिवशी नाक्यावर त्याला खाकी कपडे दिसले. झालं! त्याने गर्रकन गाडी वळवली आणि उलट्या बाजूने पिटाळली. समोरून टेम्पो आला. पाय दोन ठिकाणी मोडला. तीन महिने पोरगं खाटेवर.

मी भेटायला गेले तेव्हा त्याने सांगितलं, “बाई, ते पोलीस नव्हतेच. एसटीचे कंडक्टर होते. गाडीची वाट बघत उभे होते.”

म्हणजे त्याच्या मागे कुणीच लागलेलं नव्हतं! पकडलं तर बाबा काय म्हणतील, ही भीती मात्र मागच्या सीटवर बसून होती. तिनेच त्याला पळवलं. मला वाटतं, पुष्कळ पाठलाग असेच सुरू होतात. शिट्टी वाजायच्या आधी, मनात.

म्हणून पालकांशी दोन शब्द बोलते. सोळा वर्षं पुरी झाल्याशिवाय कोणतीही मोटारसायकल चालवायला कायद्याची परवानगी नाही. सोळा ते अठरामध्ये फक्त ५० सीसीपर्यंतची, आणि तीही परवाना काढून. २०१९ च्या दुरुस्तीप्रमाणे अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला, तर पालक किंवा मालकाला २५ हजार रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द होते आणि त्या मुलाला वयाची २५ वर्षं होईपर्यंत परवाना मिळत नाही. पण दंडाचं एक वेळ राहू द्या. किल्ली खुंटीवर टांगलेली असते, दूध संपलेलं असतं आणि आपणच म्हणतो, “जा रे, पटकन घेऊन ये.” त्या ‘पटकन’मध्ये किती धोका आहे, ते बघा. आणि चूक झाली तर घरी येऊन सांगता येईल एवढा धीर मुलाला द्या. ज्याला घरी खरं सांगता येतं, तो नाक्यावर गाडी वळवत नाही.

आणि मुलांनो, तुम्ही उद्या मोठे व्हाल, परवाना काढाल, हेल्मेट घालून ऐटीत निघाल. पोलिसांनी हात केला तर आरसा पाहा, वेग कमी करा, डावीकडे घेऊन थांबा आणि इंजिन बंद करा. कागद दाखवा. चूक असेल तर पावती घ्या. नसेल तर नम्रपणे तसं सांगा. फार तर दहा मिनिटं जातील. त्या दहा मिनिटांत दूध नासत नाही आणि शाळाही पळून जात नाही. आणि तोवर दूध आणायला सायकल आहेच की!