सत्तावीस की बहात्तर?

शहापूर,
12 सप्टेंबर

चि. धाकटीस,


तुझं पत्र दोनदा वाचलं. तिसरीतली निम्मी पोरं सत्तावीस लिहायला सांगितलं की बहात्तर लिहितात, म्हणून तू अगदी रडकुंडीला आलीस. अगं, पोरं मठ्ठ नाहीत. सत्तावीस म्हणताना सात आधी ऐकू येतो, मग हातही सातच आधी लिहितो. 2019 साली बालभारतीने दुसरीच्या गणितात ‘वीस सात’ अशी वाचायची पद्धत सोबत दिली, तेव्हा केवढा गदारोळ झाला! मला ती तेव्हाही पटली होती. वर्गात मी अजून दोन्ही नावं घेते.

पण नुसत्या नावाने भागत नाही. यंदा भाताच्या आवणीच्या दिवसांत माझ्या वर्गातली एक कातकरी मुलगी आठवडाभर आली नाही. आली तेव्हा नखांत चिखल तसाच होता. मी तिच्यापुढे कारवीच्या काड्यांचा ढीग टाकला आणि दहा-दहा बांध म्हटलं. तिने काड्या मुठीत धरल्या, रोपांची मूठ करतात तशी बुडं जमिनीवर आपटून सारखी केली आणि गवताच्या पात्याने करकचून बांधली. दोन जुड्या झाल्या, सात काड्या उरल्या. “ईस झाल्या न् ह्या सात.” खडू दिला, तर 27 बरोबर लिहिले. त्या दिवसापासून माझ्या वर्गात दशकाला जुडीच म्हणतात.

त्या मुलीच्या आठवडाभराच्या खाड्यावरून आठवलं, तुझ्याच तालुक्यातल्या फांगण्याला एकदा जाऊन ये. 8 मार्च 2016 ला योगेंद्र बांगर गुरुजींनी तिथे आजीबाईंची शाळा सुरू केली. साठीपासून नव्वदीपर्यंतच्या आज्या, अंगावर गुलाबी लुगडी, खांद्याला दप्तर. अंगठा सोडून सही करायची, हीच त्यांची मोठी हौस. मला सगळ्यात आवडली ती शाळेची वेळ. दुपारी दोन ते चार, म्हणजे घरची नि शेतावरची कामं उरकल्यावर. शाळेने आज्यांची सवड धरली. कोसबाडला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी गुरं राखणाऱ्या पोरांमागे कुरणात शाळा नेली होती, त्याच वाटेवरचं हे काम. तूही पोरांना सांग, संध्याकाळी घरी आजीला जुड्या शिकवा. आजी “असं का?” विचारते ना, तिथे पोराला स्वतःचं अडलेलं कळतं.

स्मार्ट टीव्हीचं विचारलंस. मिळाला तर जरूर घे. इकडे पष्टेपाड्याला संदीप गुंड सरांनी पोरांच्या हाती टॅब दिले, तेव्हा लांबलांबून लोक ते टॅब बघायला येत. मला त्यातलं सौर पॅनेल मोलाचं वाटतं. विजेचा भरवसा नाही, हे ओळखून सरांनी उन्हावर सोय केली होती. तुझ्या पाड्यावर वीज किती तास असते, ते आठवडाभर वहीत टिपून ठेव, मग टीव्हीचं बघू.

आणि एक काम लांबवू नकोस. दिवाळी झाली की घरंच्या घरं वीटभट्टीवर जातील. कोण कुठल्या गावी जाणार, हे आत्ताच घरोघर फिरून विचार. आजीपाशी राहू शकतील ती मुलं कोणती, तेही बघ. जाणाऱ्यांच्या हाती शिक्षण हमी कार्ड न विसरता दे, म्हणजे तिथल्या शाळेत बसता येईल.

कारवी वाळलेलीच घे, ओलीला बुरशी धरते. रविवारी आलीस तर माझ्याकडच्या चाळीस जुड्या घेऊन जा.

तुझी,
ताई