पाच वाक्यांचा आवाज

चित्रीकरण आटोपले की चित्रपट 'झाला' असा एक सार्वत्रिक समज आहे, आणि अपुऱ्या पैशांत चित्रपट काढणारे निर्मातेही त्यातून सुटलेले नसतात. कॅमेरा, प्रवास, मुक्काम आणि तीस-चाळीस माणसांचे जेवण यांत बहुतेक रक्कम संपते. जे काही उरते त्यात संकलन, ध्वनी, पार्श्वसंगीत, रंगसंस्करण आणि अंतिम मिश्रण बसवायचे असते. त्या पंगतीतही ध्वनीचे पान शेवटी मांडले जाते. वास्तविक चित्र थोडे अंधारे असले तर प्रेक्षक ती दिग्दर्शकाची शैली मानून घेतो. संवाद कळला नाही तर मात्र तो शेजाऱ्याला विचारतो, आणि मग उठून जातो.

२०१३ साली अशाच एका मराठी चित्रपटाच्या ध्वनिसंकलनाचे काम माझ्याकडे होते. तो पुढे दोन-तीन महोत्सवांत दाखवला गेला, चित्रगृहांपर्यंत पोचला नाही. कथा मराठवाड्यातल्या एका गावातली. तिच्यातल्या म्हाताऱ्या आईची भूमिका त्याच गावातल्या एका बाईंनी केली होती. अभिनयाशी त्यांचा पूर्वी कधी संबंध आलेला नव्हता. सगळे युनिट त्यांना मावशी म्हणे. शेवटाकडे विहिरीच्या काठावर, दिवेलागणीच्या वेळी, त्यांची पाच वाक्ये होती. चित्रपटाचा सगळा भार त्या वाक्यांवर होता.

ती वाक्ये चालू असताना शेजारच्या शेतातली मोटर सुरू झाली. शेतीपंपांना वीज ठरावीक तासांपुरतीच मिळते, आणि आली की आधी पिकाला पाणी द्यावे लागते. "दहा मिनिटं बंद ठेवा" अशी विनंती घेऊन गेलेल्या मुलाला शेतकऱ्याने नम्रपणे परत पाठवले. त्याचे काही चुकले असे मला आजही वाटत नाही. उजेड संपत होता. दुसरा टेक झाला नाही. मावशींचा आवाज आणि मोटरची घरघर एकाच माइकमध्ये, एकमेकांत मिसळून आली. नीरक्षीरविवेक करणारे सॉफ्टवेअर त्या वेळी आमच्या ऐपतीत नव्हते.

अशा वेळी डबिंग करतात. आपल्याकडे ही वाट चांगली मळलेली आहे. कॅमेऱ्याचाच आवाज इतका मोठा असे की कित्येक दशके अख्खे चित्रपट नंतर स्टुडिओत बोलून घेतले जात. २००१ च्या 'लगान'मध्ये चित्रीकरणाच्या जागीच संवाद मुद्रित केले, याची म्हणूनच एवढी चर्चा झाली. पुण्यात एका अनुभवी डबिंग कलावतीने अर्ध्या तासात पाचही वाक्ये बोलून दिली. ओठांशी मेळ अचूक, उच्चार स्पष्ट. दिग्दर्शक खूश झाला, महोत्सवाला प्रत पाठवायला अकरा दिवस उरले होते. पण चित्र लावून पाहिले तेव्हा विहिरीच्या काठावर कुणी दुसरीच बाई उभी होती. त्या कलावतीच्या कामात काहीही उणे नव्हते. तिची ग्रामीण बोली ही रंगभूमीने आणि चित्रपटांनी मिळून घडवलेली, कुठल्याच तालुक्याची नसलेली बोली होती. तासभर मावशींचे ऐकत आलेल्या प्रेक्षकाला ऐन मोक्याच्या जागी आम्ही परक्याच्या हवाली करणार होतो.

यावर दिग्दर्शकाशी माझा वाद झाला. त्याने 'पथेर पांचाली'चा दाखला दिला. पैशांअभावी वर्षानुवर्षे रखडून १९५५ मध्ये पूर्ण झालेल्या त्या चित्रपटात, दुर्गा गेल्यानंतर हरिहर घरी परततो तेव्हा सर्वजया कोसळते. पण तिचा आक्रोश ऐकू येत नाही. त्या जागी सत्यजित राय यांनी तारशहनाईचे वरच्या पट्टीतले सूर ठेवले आहेत. 'तिथे आवाज बदललाच ना?' हा त्याचा प्रश्न. दाखला बिनतोड होता, पण माझ्या मते माझ्याच बाजूचा. राय यांनी एका बाईच्या रडण्याच्या जागी दुसऱ्या बाईचे रडणे ठेवले नाही. जे शब्दांच्या पलीकडचे होते ते त्यांनी वाद्याकडे सोपवले. आमच्या मावशी मात्र बोलत होत्या, आणि त्यांना जे म्हणायचे होते ते त्यांनीच म्हणायला हवे होते.

शेवटी मी रेकॉर्डर घेऊन एसटीने गावी गेलो. मावशींच्या मधल्या खोलीत दोरीवर गोधड्या टांगल्या, म्हणजे पत्र्याखालचा घुमारा कमी होतो. लॅपटॉपवर चित्र पाहत त्याच्या तालात बोलणे त्यांना जमेना; स्वतःला बघून त्या हसत आणि वाक्य सुटे. म्हणून चित्र बंद केले. तांदूळ निवडता निवडता त्यांनी ती पाच वाक्ये वीस-बावीस वेळा म्हटली. पटकथेत होते, 'पाणी येत नाही.' त्या दर वेळी म्हणत, 'पाणी येईना गेलंय.' तिसऱ्या-चौथ्या वेळेनंतर मी त्यांना सुधारायचे सोडून दिले.

पुढचे काम पुण्यातल्या खोलीत, रात्री. सेकंदाला चोवीस चौकटी. दोन चौकटींचा, म्हणजे सेकंदाच्या बाराव्या भागाचा फरक पडला तरी डोळ्याला खटकू लागते. इथे शाळेतले व्याकरण कामी आले. प, ब, भ, म म्हणताना ओठ मिटतात आणि ते लांबूनही दिसते. बाकीचे बरेचसे तोंडाच्या आत घडते. पवर्ग जागच्या जागी बसला की उरलेल्या अक्षरांना डोळा माफ करतो. 'पाणी'तला प मिळाला, पण 'गेलंय'ची शेपटी लांब होत होती. तिथे एक चेहरा सोडून विहिरीतल्या पाण्याचे दृश्य घेतले. संकलन कुलूपबंद झाल्यावर असे करायचे नसते. दिग्दर्शकाने ते कुरकुरत मान्य केले.

जोड तरीही ऐकू येत होते. खोलीतली शांतता आणि शिवारातली शांतता वेगवेगळ्या असतात. त्यांवर पांघरूण घालायला एखादा सलग आवाज हवा होता. गावाहून निघण्यापूर्वी त्याच शेतकऱ्याच्या विहिरीवर मी मोटरचा पाच मिनिटांचा आवाज घेऊन ठेवला होता. त्याने वीज येण्याची वेळ सांगितली होती आणि बॅटरी धरून तो सोबत थांबला होता. ती घरघर दृश्याच्या खाली, अगदी मंद, सुरुवातीपासून शेवटापर्यंत पसरली आणि जोड बुजले. पाणी येईना अशी तक्रार करणारी बाई आणि दूर कुठेतरी दुसऱ्याच्या शेतात चालू असलेली मोटर: हा अर्थ पटकथेत नव्हता. श्रेयनामावलीत आभारांच्या यादीत त्या शेतकऱ्याचे नाव आहे.

आज हे सगळे करावे लागले नसते. संवादातून मोटर वेगळी काढणारी साधने आता साध्या संगणकावर मिनिटांत काम करतात, आणि आवाजाचा नमुना दिला तर त्या माणसाने कधी न उच्चारलेले वाक्यही त्याच्या आवाजात तयार करून देतात. पैसे वाचतात, आणि अल्प भांडवलाच्या चित्रपटात पैसे वाचणे ही क्षुल्लक गोष्ट नव्हे. अकरा दिवस उरलेले असताना मीही मोटर त्या साधनानेच काढली असती. पण वाक्य तयार करून घ्यायला मावशींना विचारण्याची गरज उरली नसती. यंत्राने त्यांच्या आवाजात, दिलेल्या संहितेप्रमाणे, 'पाणी येत नाही' असे बिनचूक म्हटले असते.