इंजिनाचा ताळा

वर्धा जिल्ह्याचा व्यापार कापसाच्या बळावर वाढला. १८६७ साली रेल्वे नागपूरपर्यंत पोचली आणि या भागातील रुईला मुंबईची वाट मोकळी झाली. पुढे रस्ते सुधारले, आणि जिनिंगच्या दारातून निघणारा माल मोठ्या प्रमाणात ट्रकवर चढू लागला. रुईची एक गाठ १७० किलोंची. शंभर गाठी म्हणजे १७ टन. दसरा-दिवाळीनंतरच्या ऐन हंगामात ट्रक चार दिवस जरी उभा राहिला, तरी गाठी अडतात, गाठींत पैसा अडतो आणि शेतकऱ्यांचे चुकारे लांबतात. म्हणून व्यापारी घरात ट्रकच्या दुखण्याची चर्चा घरातील माणसाच्या दुखण्याइतक्याच काळजीने होते.

अशाच एका हंगामात हिंगणघाटच्या एका पेढीच्या जुन्या ट्रकचे इंजिन जाम झाले. नवे इंजिन परवडणारे नव्हते. तेव्हा नागपुरातील जुन्या इंजिनांच्या एका व्यापाऱ्याकडून त्याच जातीचे, वापरलेले, सहा सिलिंडरचे इंजिन घेण्यात आले. बहुतेक रक्कम रोख दिली गेली. उरलेली, इंजिन नीट चालल्यास पंधरा दिवसांनी द्यावी, असे ठरले. कागद झाला नाही. बाजारात शब्दावरच असे व्यवहार होतात.

इंजिन पेढीच्या नेहमीच्या गॅरेजात बसवले गेले. सकाळी ते एका झटक्यात सुरू होई आणि आवाजही साफ येई. परंतु जामच्या चौकापर्यंत जाऊन येईतो त्याला थरथर सुटे, चढावर ओढ कमी पडे आणि धुराड्यातून पांढरट धूर निघे. गॅरेजच्या भाषेत गाडी ‘मिसिंग’ करू लागली होती. पहिल्या दिवशी डिझेल फिल्टर बदलला. दुसऱ्या दिवशी डिझेलचे पाइप आणि सहाही नोझल एकदमच नवे घातले. खर्च झाला, थरथर तशीच राहिली. तिसऱ्या दिवशी घरातील थोरल्या मुलाने निष्कर्ष काढला, की इंजिन विकणाऱ्याने फसवले आहे. उरलेली रक्कम अडवून ठेवावी आणि बाजारात चार लोकांच्या कानावर ही गोष्ट घालावी, असेही ठरत आले.

हा निष्कर्ष अस्वाभाविक नव्हता. जुनी वस्तू घेतली की मनाच्या कोपऱ्यात संशय आधीच घर करून बसलेला असतो. बिघाड दिसताच तो पुरावा म्हणून पुढे येतो. मात्र संशय आणि पुरावा यांतला फरक इंजिनाच्या बाबतीत फार स्पष्टपणे तपासता येतो. त्यासाठी डिझेल इंजिन कसे चालते, हे थोडे समजून घ्यावे लागते.

रुडॉल्फ डिझेल या जर्मन अभियंत्याने १८९० च्या दशकात सिद्ध केलेल्या या यंत्रात ठिणगी पाडणारा प्लग नसतो. सिलिंडरमधील हवा पिस्टनने इतकी दाबली जाते, की ती त्या दाबानेच तापते. त्या तप्त हवेत डिझेलचा बारीक फवारा सुटला, की तो आपोआप पेटतो. म्हणजे दाब पुरेसा हवा, फवारा बारीक हवा आणि तो नेमक्या क्षणी सुटायला हवा. या तिन्हींपैकी एक जरी चुकले तरी तो सिलिंडर मुका राहतो. सहा सिलिंडरचे इंजिन मिनिटाला ६०० फेऱ्यांनी फिरत असेल, तर सेकंदाला ३० वेळा ज्वलन होते. एक सिलिंडर मुका झाला, तर सेकंदाला पाच ठोके चुकतात. गाडीची थरथर ती हीच.

चौथ्या दिवशी एका वयस्कर मिस्त्रीला बोलावणे गेले. थोरल्या मुलाने विक्रेत्याची तक्रार सुरू करताच मिस्त्री म्हणाला, “भाऊ, इंजिनवाल्याले काऊन बोल लावता? गाडी थंडी असताना कशी चालते, थे आधी सांगा.” थंड असताना ठीक आणि तापल्यावर बिघाड, हे उत्तर त्याने लक्षात ठेवले, मात्र त्यावरून लगेच काही ठरवले नाही.

त्याने इंजिन तापू दिले. मग जाड हातमोजे घालून, चेहरा दूर ठेवून, पंपाकडून नोझलकडे जाणाऱ्या पाइपांचे नट तो एकेक करून किंचित ढिले करू लागला. चालत्या सिलिंडरचे डिझेल असे तोडले की आवाज आणखी बिघडतो. मुक्या सिलिंडरचे तोडले तर काहीच फरक पडत नाही. पहिल्या तिन्ही नटांना आवाज बिघडला, चौथ्याला बिघडला नाही, पाचव्या-सहाव्याला पुन्हा बिघडला. मुका सिलिंडर चौथा होता. पाइपाच्या तोंडाशी डिझेल ठोक्याठोक्याने येत होते, म्हणजे पंप आपले काम करीत होता. (ही कसोटी जुन्या, यांत्रिक पंपाच्या इंजिनांपुरतीच आहे. अलीकडच्या कॉमन रेल इंजिनांत डिझेलचा दाब हजार बारच्याही पुढे जातो. तेथे चालू इंजिनाचा नट सोडणे जिवावर बेतू शकते. त्यांची तपासणी स्कॅनरनेच करावी.)

त्यानंतर त्याने चौथे नोझल दुसऱ्या सिलिंडरला आणि दुसरे चौथ्याला लावले. बाकी कशालाही हात लावला नाही. दोष नोझलसोबत दुसऱ्या सिलिंडरकडे गेला असता, तर नोझल दोषी ठरले असते. तो चौथ्यातच राहिला. आता उरला होता फक्त दाब.

इंजिन पूर्ण थंड झाल्यावर त्याने वरचे झाकण काढले. तिसऱ्या सिलिंडरचे दोन्ही व्हॉल्व्ह एकाच वेळी हलू लागतात, तेव्हा चौथ्याचा पिस्टन दाबाच्या टोकाला असतो आणि त्याचे दोन्ही व्हॉल्व्ह बंद असायला हवेत. त्या स्थितीत टॅपेटची फट मोजताना पातळ पट्टीसुद्धा चौथ्याच्या एक्झॉस्ट व्हॉल्व्हवर शिरेना. फट उरलीच नव्हती. तापल्यावर व्हॉल्व्हची दांडी लांबते. फट नसली, की व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही आणि दाब निसटतो. थंड असताना ठीक आणि तापल्यावर बिघाड, याचा अर्थ हा होता.

आणि टॅपेट पेढीच्या गॅरेजातच बसवले गेले होते. शेवटचा नट आवळताना स्क्रूही सोबत फिरला असावा; आवळल्यानंतर फट पुन्हा मोजली गेली नव्हती. फट पुन्हा साधून गाडी सुरू केली, तापू दिली, जामपर्यंत नेऊन आणली. थरथर गेली. असेच आणखी काही दिवस चालले असते, तर व्हॉल्व्हची कड जळाली असती आणि मग नादुरुस्त इंजिनाचा दोष विक्रेत्यावर कायमचा चिकटला असता.

पेढीवरचे वृद्ध मुनीम हे सारे पाहत होते. रोजमेळाचा ताळा जमला नाही म्हणून कोणी सगळी वही फाडून नवी लिहीत नाही, एवढेच ते म्हणाले. नोंदी एकेक तपासाव्या लागतात, आणि एकाच वेळी दोन आकडे बदलले तर चूक कोठे होती हे कधीच कळत नाही. सहाही नोझल एकदम बदलण्यात नेमके हेच झाले होते: खर्च झाला, माहिती काहीच मिळाली नाही.

जुने इंजिन घेणाऱ्या घरांनी काही गोष्टी आधीच पाहाव्यात. ते शक्यतो चालवून, तापवून ऐकावे. तेल दुधाळ आहे का, तेल भरण्याच्या तोंडातून धूर फुंकला जातो का, हे पाहावे. इंजिन नंबर कागदाशी ताडून घ्यावा आणि बदललेल्या इंजिनाची नोंद परिवहन कार्यालयात वेळेत करावी. अन्यथा अपघात किंवा विम्याच्या प्रसंगी तीच उणीव महागात पडते. बसवल्यानंतर कोणकोणत्या भागांना हात लागला, याची यादी लिहून ठेवावी. बिघाड झाल्यास पहिली तपासणी त्याच यादीची करावी.

पंधरावा दिवस उजाडण्यापूर्वीच विक्रेत्याची उरलेली रक्कम नागपूरला पोचती झाली. बाजारात पसरण्याच्या बेतात असलेली गोष्ट घरातच राहिली, आणि ज्याच्या नावाला बट्टा लागणार होता त्याला ते कधी कळलेही नाही.