म्हशीचं तोंड

समुद्रप्रवासाबद्दल लिहिणारे लोक सूर्यास्तापासून सुरुवात करतात. मुंबई ते गोवा या नऊ दिवसांतला एकही सूर्यास्त मला आठवत नाही, कारण त्या सुमाराला मी कठड्यावर ओणवा असे. मला आठवतं ते विजयदुर्ग, आणि तिथलीही फक्त एक रात्र.

होडी मेव्हण्याची. निवृत्त झाल्यावर माणसं रोपवाटिका काढतात, नर्मदा परिक्रमेला जातात. आमच्या इंजिनिअर मेव्हण्याने २८ फुटी, एका डोलकाठीची, तिसऱ्या हाताने आलेली शिडाची होडी घेतली. संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी तो, त्याचा मुलगा आणि मी असे तिघे निघालो. मला का घेतलं हे मी बायकोला विचारलं, तर ती म्हणाली, "तू स्वयंपाक बरा करतोस." मुरुड, हर्णे, जयगड असे दिवस गेले. जयगडला रात्री वारा पडला होता म्हणून झोप लागली, एवढीच माझी नोंद आहे.

विजयदुर्गला किल्ल्याच्या आडोशाला, वाघोटन खाडीच्या तोंडाशी आम्ही दुपारी नांगर टाकला. ओहोटीला चार मीटर पाणी, तळाशी चिखल. नांगराला पाच मीटर साखळी आणि पुढे नायलॉनचा दोर, मिळून तीस मीटर सोडलेला. जेवलो. बांगडे मी तळले होते आणि ते चांगले झाले होते, हे इथे सांगून ठेवतो, कारण पुढे माझं कौतुक कुणी केलेलं नाही.

नांगरलेली होडी वाऱ्याकडे तोंड करून निमूट उभी राहते अशी माझी समजूत होती. मध्यरात्रीनंतर खाडीतून मतलई, म्हणजे जमिनीवरचा वारा, सुटला आणि ती समजूत गेली. होडी डावीकडे चालू लागली. अगदी सावकाश, कुणाला न सांगता. जेटीवरचा दिवा माझ्या खिडकीच्या एका कडेने आत आला, दुसऱ्या कडेने गेला. मग दोर ताणला, नाळेवर, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकावर, 'धप्प' असा आवाज झाला, सगळी होडी शहारली, तोंड फिरलं आणि आम्ही उजवीकडे निघालो. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत दीड मिनिट. मी घड्याळ लावून मोजलं, कारण करण्यासारखं दुसरं काही नव्हतं. लाटांचे हेलकावे वेगळे असतात, त्यांत निदान पाळणा असतो. हा प्रकार पिंजऱ्यातल्या वाघाच्या येरझाऱ्यांसारखा होता, आणि आम्ही वाघाच्या पोटात होतो.

भाचा उठून बसला होता. त्याने मला अंधारात शास्त्र समजावलं. असल्या होडीची डोलकाठी पुढच्या बाजूला, त्याच्याही पुढे तारेवर गुंडाळलेलं मोठं शीड. वाऱ्याला धरायला सगळं नाळेकडे. पाण्याखाली मात्र पकड मध्यावर आणि मागे: अरुंद, खोल पठाण (म्हणजे तळाचा कणा) आणि सुकाणू. म्हणजे वारा तोंड ढकलतो आणि बूड जागेवर राहतं. तोंड पडलं की वारा कुशीवर लागतो आणि होडी शीड नसतानाही शीड लावल्यासारखी पळते. दोर संपला की हिसका बसून तोंड पलटतं आणि तोच खेळ दुसऱ्या अंगाला सुरू होतो. नुसत्या झोपेचा प्रश्न नाही, असंही तो म्हणाला. होडी कुशीवर असताना हिसका फार मोठा बसतो आणि नांगर एकदा या बाजूने, एकदा त्या बाजूने उपटला जाऊन हळूहळू सुटतो. ही शेवटची माहिती त्याने सकाळपर्यंत राखून ठेवली असती तरी चाललं असतं.

मला संक्रांतीचा पतंग आठवला. शेपटी नसलेला, कन्नी चुकलेला पतंग असाच डोकं आपटत या अंगाला त्या अंगाला गोते खातो.

मेव्हणा वर गेला. त्याने आधी सुकाणू मध्यावर करकचून बांधलं. काही झालं नाही. मग इंजिनिअर लोकांचा एक आवडता उपाय असतो, तो त्याने केला: जे आहे ते वाढवायचं. दहा मीटर दोर आणखी सोडला. नांगराची पकड त्याने सुधारली असेल, पण आमचा झोका आता चाळीस मीटर दोरीचा झाला. पुढच्याच फेरीत उजवीकडच्या एका ट्रॉलरचा नवा कोरा निळा रंग आमच्या कठड्यापासून हाताच्या अंतरावर आला. भाच्याने पाय लावून तो दूर ढकलला.

"ओ होडयेवाल्यानू! होडी नांगराक बांधलात काय नाचाक सोडलात?"

ट्रॉलरच्या केबिनमधून एक म्हातारा बाहेर आला होता. डोक्याला मफलर, अंगात बंडी. आम्ही माफी मागितली. माफीत त्याला रस नव्हता. "माझ्या झिलाचो ट्रॉलर तो. रंग अजून सुकलो नाय." एवढं बोलून तो छोट्या होडीत उतरला आणि दोन वल्ह्यांत आमच्याकडे आला. ऐंशीच्या आसपासचा माणूस, पण आमच्या कठड्यावरून आत आला तो ओसरीवर चढावं तसा. आल्या आल्या एक पूर्ण फेरी तो नाळेवर नुसता बसून राहिला. डावीकडे, धप्प, उजवीकडे. मग म्हणाला,

"म्हस खुट्याक बांधलास तरी फिरता. तिचा तोंड धरूक होया. तोंड."

मेव्हण्याने सुचवलं की मागूनही एक नांगर टाकू, म्हणजे दोन्ही टोकं जखडली जातील. म्हातारा हसला. ते हसणं मेव्हण्याला अजून लागलेलं आहे. खाडीत सहा तासांनी पाणी फिरतं. दोन्ही टोकं बांधलेली होडी भरतीला पाण्याच्या आडवी येणार, सगळा जोर तिच्या कुशीवर, आणि मग दोन्ही नांगर मिळून सुटणार. आजूबाजूच्या सगळ्या होड्या पाण्याबरोबर फिरताना आपण एकट्याने अडून राहणं हा गुन्हाच, असं त्याच्या चेहऱ्यावर होतं.

भाच्याने तोंड धरण्याचा अर्थ शब्दशः घेऊन नाळेवरून एक प्लॅस्टिकची बादली पाण्यात सोडली. पाण्यात भरलेली बादली आडव्या चालीला विरोध करते, कल्पना खोटी नव्हती. दुसऱ्या फेरीला बादलीची कडी आमच्याकडे राहिली आणि बादली रेडी बंदराच्या दिशेने गेली.

"दुसरो नांगर असा मां?"

होता. सात किलोचा, लहानसा. तांडेलाने (तो एके काळी तांडेल होता हे आम्हाला मागाहून कळलं, पण हुकूम सोडण्यावरून ओळखायला हवं होतं) तो नाळेवरून सरळ खाली सोडला. लांब नेऊन टाकला नाही. तळाला टेकल्यावर जेमतेम वाव-दीड वाव दोर आणखी दिला आणि बांधून टाकला. हा नांगर होडी धरण्यासाठी नव्हताच. होडी डावीकडे निघाली की तो चिखलात फरफटायचा आणि तिचं तोंड ओढून धरायचा. शेतकऱ्याच्या नांगराचं खरं काम समुद्रातल्या नांगराला करताना मी प्रथमच पाहिलं. "भरती इली की हातभर सोडा," एवढी सूचना त्याने दिली आणि बिडी पेटवली. आधीचे जादा सोडलेले दहा मीटर त्याने न विचारता परत ओढून घ्यायला लावले.

फरक पडला. येरझारा निम्म्यावर आल्या. मेव्हणा होकायंत्रावर बॅटरी धरून आकडे सांगू लागला: आधी दोन्हीकडे चाळीस चाळीस अंश, आता वीस. मी झोपायला तयार होतो. तांडेल नव्हता.

"मागे शीड नाय?"

एकच डोल, मागे काही नाही, असं सांगितल्यावर त्याने होडीकडे पाहिलं ते एखाद्या पांगळ्या वासराकडे पाहावं तसं. मग सगळ्यात लहान शीड मागितलं. आमच्याकडे वादळात लावायचं एक जाड नारिंगी शीड होतं, कधी न उघडलेलं. डोलकाठीच्या शेंड्यापासून मागच्या टोकापर्यंत जी तार येते, तिच्यावर त्याने त्याची उभी कड अडकवली, म्हणजे कड मागे आणि मोकळं टोक पुढे. उलटं. भाच्याने एक दोर ओढून ते वर चढवलं. मोकळ्या टोकाला दोन दोर बांधून ते दोन्ही बाजूंना असे ताणले की शीड बरोबर होडीच्या मधल्या रेषेवर, फळीसारखं सपाट उभं राहिलं. ते जरा फुगलं होतं तर तांडेलाने मेव्हण्याकडून पुन्हा सोडवून बांधून घेतलं.

"पोट नको शिडाक. पोट इला की ओढ इली."

आणि होडी उभी राहिली. अगदी गप्प नाही, तोंडाने थोडं नाही-नाही करत होती, पण चालत नव्हती. मेव्हण्याने आकडा सांगितला, आठ अंश. वारा तोच होता, तारा तशाच शिट्ट्या घालत होत्या, फक्त तो 'धप्प' बंद झाला होता. तोंड जरा पडलं की वारा मागच्या शिडाच्या अंगावर लागायचा, बूड ढकललं जायचं आणि नाक पुन्हा वाऱ्यात. पतंगाला शेपटी लागली होती. त्याच्या झिलाचा ट्रॉलर इतका वेळ शेजारी स्वस्थ का उभा होता तेही मला तेव्हा दिसलं: लांब, जड लाकडी बूड आणि केबिन पार मागे. ती केबिनच त्याचं शीड होती.

"ही झाली कलमी," तांडेल म्हणाला.

मी चहा टाकला. तिळाचे लाडू काढले. पोरवयात तो मंगळुरी कौलं मुंबईला नेणाऱ्या गलबतावर होता. त्या गलबताला मोठी डोल आणि मागे एक धाकटी, ती कलमी. तिच्यावरचं शीडही कलमीच. चालताना ती जेवढी उपयोगी, तेवढीच नांगरावर, असं तो म्हणाला. जोराचा वारा असला की त्यांचा म्हातारा तांडेल मोठं शीड उतरवून कलमी तेवढी ताणून ठेवायला लावायचा आणि मग सगळे झोपायचे. मेव्हणा म्हणाला की परदेशी पुस्तकांत यालाच राइडिंग सेल म्हणतात, मागे धाकटी डोल असलेल्या होड्यांचे लोक आजही तेच करतात, पण आपण ते पान वाचलं नव्हतं. तांडेलाने तिसरा लाडू घेतला. पुस्तकांबद्दल तो काही बोलला नाही.

मला एवढंच वाटलं की हा शब्द माझ्या भाषेतला, आणि साठी उलटल्यावर रात्री दोन वाजता तो मला पहिल्यांदा भेटला. सुकाणू, डोल, शीड हे शब्द आपण राजकारणावरच्या अग्रलेखांत वापरतो. कलमी तिथे उपयोगाची नसल्यामुळे राहून गेली असावी.

जाताना त्याला पैसे देऊ केले. त्याने उरलेले लाडू घेतले.

सकाळी पाहिलं तर पाणी फिरताना होडीने गिरकी घेतली होती आणि दोन्ही नांगरांच्या दोरांना दोन पक्के पीळ पडले होते. ते सोडवायला तास गेला. तांडेलाने याबद्दल काही सांगितलं नव्हतं, बहुधा हे कुणाला सांगावं लागतं असं त्याला वाटलं नसावं.

किल्ल्यावर गेलो. किल्ला पाहण्याचा मला कंटाळा आहे. पायऱ्या, बुरुज, 'इथे दारूकोठार होतं', मग उन्हात लिंबू सरबत. पण त्या दिवशी मी तटावरून खाली नांगरलेल्या होड्यांकडे बराच वेळ पाहत बसलो. १७५६च्या फेब्रुवारीत, १२ तारखेला, तुळाजी आंग्र्यांचं आरमार याच पाण्यात उभं होतं. पेशवे आणि इंग्रज एकत्र येऊन त्याच्यावर चालून आले होते. समुद्राकडून ॲडमिरल वॉटसन, बरोबर क्लाइव्ह. आंग्र्यांची जहाजं एकमेकांना बांधून दाटीने ठेवलेली होती. त्यांतलं एक होतं 'रिस्टोरेशन', आंग्र्यांनी पूर्वी कंपनीकडून जिंकून घेतलेलं. तोफेचा एक पेटता गोळा त्याच्यावर पडला आणि आग एकावरून दुसऱ्यावर जात सगळं आरमार जळून गेलं. दुसऱ्या दिवशी किल्लाही पडला. शाळेत हे शिकवताना पेशव्यांनी चूक केली की नाही यावर आमच्या मास्तरांनी तास घालवला होता. जहाजांमध्ये किती अंतर होतं हे कुणी विचारलं नाही. रात्री मी आमच्या तीस मीटरच्या येरझाऱ्यांना शिव्या देत होतो. या लोकांनी येरझारांना जागाच ठेवली नव्हती.

पुढचे दिवस सांगण्यासारखे नाहीत. देवगडला वारा नव्हता, मालवणला फार होता, गोव्यात कॅसिनोंचे दिवे होते. मी वास्कोहून रेल्वेने परत आलो.

मालवणला मात्र एक काम केलं. वादळी शीड वादळासाठी राखून ठेवायला हवं, म्हणून तांडेलाने सांगितलेल्या मापाचं, खालून चार हात, कडेने सहा हात, पोट न ठेवलेलं त्रिकोणी शीड आम्ही बाजारातल्या एका शिंप्याकडून ताडपत्रीच्या कापडाचं शिवून घेतलं. कडेला दोर घातला, तिन्ही कोपऱ्यांना पितळी कड्या. तीन तासांत दिलं. मेव्हण्याने त्याला हे होडीच्या मागच्या टोकाला लावायचं आहे, वारा असला तरी होडी स्थिर राहते, वगैरे समजावलं. शिंप्याने मान हलवली आणि पावतीवर लिहिलं: पडदा, १ नग, ६५० रुपये.