यंत्राची खोड

यंत्र बिघडले, की माणसाचा हात प्रथम त्याच्यावर थाप मारण्यासाठी उठतो. जुने रेडिओ अशा थापेने पुष्कळदा गाऊ लागत. त्यामुळेच ही सवय टिकून राहिली असावी. परंतु काही यंत्रांपाशी ही मात्रा चालत नाही. त्यांना प्रश्न विचारावे लागतात, आणि तेही एका वेळी एकच.

पीडीपी-11 हा संगणक अशांपैकी होता. अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात, मरे हिल येथील बेल प्रयोगशाळेत केन थॉम्प्सन व डेनिस रिची यांनी 1969 साली युनिक्स ही संगणकाची कार्यप्रणाली आरंभली होती. तिच्यासाठी 1970 च्या उन्हाळ्याअखेर हे नवे यंत्र आले. पण माहिती साठविण्याची चुंबकीय तबकडी डिसेंबरपर्यंत मिळालीच नाही. तोवर ते बिचारे कोपऱ्यात बसून बुद्धिबळाच्या घोड्याच्या फेऱ्या मोजीत राहिले! 6 बाय 8 घरांच्या पटावर प्रत्येक घरी एकदाच जाऊन मूळ घरी परतण्याचे मार्ग किती, हे ते कोडे. काम तीन महिन्यांचे होते.

पुढे तबकडी आली, ती अर्ध्या मेगाबाइटची. पेटंट विभागाचे टंकलेखन त्याच यंत्रावर चाले, आणि काही तासांचे काम साठले, की ते फितीवर उतरवून तबकडी मोकळी करावी लागे. मग संसार वाढला. 1974 साली प्रसिद्ध झालेल्या लेखात रिची व थॉम्प्सन यांनी आपल्या तेव्हाच्या यंत्राचे वर्णन दिले आहे: जिची शीर्षे हलत नसत अशी 10 लाख बाइटांची एक तबकडी, प्रत्येकी 25 लाख बाइटांच्या सुट्या तबकड्यांचे चार ड्राइव्ह, आणि 4 कोटी बाइटांचा आणखी एक.

अशा प्रत्येक जातीच्या तबकडीला स्वतःचा नियंत्रक लागे. ‘अमुक ड्राइव्हवरील अमुक खंड वाच’ ही आज्ञा घ्यावयाची, माहिती स्मृतीत पोचवावयाची, आणि काम झाले की मुख्य यंत्राला हाक द्यावयाची, हे त्याचे काम. सारे नियंत्रक युनिबस नावाच्या एकाच तारमार्गावर बसत. म्हणून प्रत्येकाला वेगळा पत्ता हवा. आरके-11 ह्या नियंत्रकाचे पत्ते 777400 पासून सुरू होत (ही संख्या अष्टमान पद्धतीची, तिच्यात 8 आणि 9 हे अंकच नसतात), आणि त्याच्या हाकेची खूण 220 ही असे. त्याच जातीचा दुसरा नियंत्रक बसवावयाचा, तर त्याला निराळा पत्ता व निराळी खूण द्यावी लागे; शिवाय युनिक्सच्या गाभ्याशीही त्याची ओळख करून द्यावी लागे. दोघांचा पत्ता एकच राहिला, तर एका प्रश्नाला दोघेही उत्तर देत, आणि दोन उत्तरे मिसळून तिसरेच काहीतरी ऐकू येई. खूण एकच राहिली, तर हाक मारी एक आणि युनिक्स धावे दुसऱ्याकडे.

दोष शोधण्याची सोपी रीत अदलाबदलीची. दिवा लागेना, तर त्या जागी चांगला दिवा लावून पाहावा. पण तबकडीच्या बाबतीत ही सोपी रीतच घात करी. फिरत्या तबकडीला शीर्ष टेकत नाही. केसाच्या जाडीहून कितीतरी कमी अंतरावर ते हवेच्या थरावर तरंगते. ते आपटले, की तबकडी खरवडली जाते. अशी तबकडी उतावळ्या माणसाने दुसऱ्या ड्राइव्हमध्ये घातली, तर तेथील शीर्षही जाई. मग त्या ड्राइव्हमध्ये घातलेली चांगली तबकडीही जाई. कित्येकांची महिन्यामहिन्यांची मेहनत अशी दहा मिनिटांत पुसली जाण्याचे भय असे. म्हणून जाणता माणूस आधी कान देई. खरवडल्यासारखा आवाज आला, तर ती तबकडी तो कोठेही हलवीत नसे. आवाज नसला, तरी लेखनबंदीची कळ लावल्यावाचून तो पुढे जात नसे. युनिक्सही त्याला साहाय्य करी: चुकलेल्या ड्राइव्हचा आणि खंडाचा क्रमांक ते कागदावर टंकून देई. चुका एकाच ड्राइव्हवर होत असतील, तर तो ड्राइव्ह किंवा त्यातील तबकडी संशयित. सर्वांवर होत असतील, तर नियंत्रक.

सर्वांत फसवी खोड मात्र रिकाम्या जागेची. तारमार्ग वापरण्याची परवानगी मुख्य यंत्राकडून निघे आणि एका कार्डातून पुढच्या कार्डात जाई. पंगतीत ताकाचे भांडे हातोहात पुढे सरकावे तशी. मध्येच एखादा पाट रिकामा राहिला, की पलीकडचे सारे ताटकळत बसणार! म्हणून रिकाम्या खाचेत परवानगी पुढे नेणारे एक लहानसे कार्ड घालावे लागे. दुरुस्तीसाठी कोणी एखादे कार्ड काढी आणि हे लहान कार्ड बसविण्यास विसरे. मग पलीकडचा नियंत्रक धडधाकट असूनही मुका होई. पत्ता विचारला, तर त्याचे उत्तर बरोबर येई. काम सांगितले, तर ते कधीच पुरे होत नसे. नवशिका त्या नियंत्रकाचेच भाग बदलीत बसे. जाणता माणूस मात्र वीज बंद करी, दिवा घेऊन मुख्य यंत्रापासून एकेक खाच तपाशीत येई, आणि रिकामी खाच दिसताच खिशातून ते लहानसे कार्ड काढी.