अंतरपाटापलीकडे

तापातून उठल्यावर अंगात शीण होता, तरी घनसावंगी तालुक्यातल्या जांब समर्थला जाऊन आले. समर्थ रामदासांचा, म्हणजे मूळच्या नारायणाचा, जन्म इथला, 1608 चा. मंगलाष्टकांतलं ‘सावधान’ कानी पडताच बारा वर्षांचा नारायण बोहल्यावरून निघून गेला, ही आख्यायिका लहानपणापासून ऐकलेली. पुढे टाकळीची तपश्चर्या, चाफळ, सज्जनगड. कथा सगळी त्याच्यामागे धावते.

मला मात्र या वेळी अंतरपाटापलीकडची ती दिसत राहिली. हातात माळ, नजर खाली, समोर ताणलेलं कापड. ते दूर झालं तेव्हा तिच्यासमोर कुणीच नव्हतं. भोवती अक्षता हातात धरलेली माणसं, आणि तिनं माळेचं काय करायचं हे सांगायला कुणाला सुचलंही नसेल.

मी प्रेमकथा लिहिते. ना. सी. फडके वाचत वाढले, त्यांच्या ‘प्रतिभासाधना’तून बांधणी शिकले. भेट, अडथळा, मीलन. त्यांची ती सफाई मला आजही प्रिय आहे. तिला उथळ म्हणणाऱ्यांशी मी भांडते. पण या पोरीला त्या बांधणीत जागाच नाही. तिचं प्रेम नव्हतंच, तेवढं वयही नव्हतं. मग जे मोडलं ते काय?

परतताना एसटीत शेजारच्या मावशींना विचारलं, तिचं पुढे काय झालं असेल हो?

“दिलं आसंल की दुसरीकडं. आईबाप किती दिस ठिवतेत?”

हे उत्तर मला सहन होत नाही. दुसरं अजून सापडलेलं नाही.