अवजल

लहानपणी नदीवर पोहायला जाताना बाबांचा एकच नियम होता: पाण्याचा आवाज बदलला की बाहेर यायचं. का, ते विचारायचं नाही.

सहावीत असताना मी तो मोडला. मे महिना होता, आभाळ कोरडं. चुलतभाऊ आणि मी वाशिष्ठीच्या मधल्या कातळावर पाय सोडून बसलो होतो. घोट्याएवढं पाणी बघता बघता मांडीला लागलं. ते मे महिन्यातही गार होतं. काठावर कपडे धुणाऱ्या बायकांनी आरडाओरडा केला, दोघे जण धावत आले आणि त्यांनी आम्हाला ओढून काढलं. घरी मार मिळाला. आजी फक्त म्हणाली, "कोयनेचं सोडलं असेल."

कोयना तर घाटापलीकडे! ती महाबळेश्वरला उगम पावते आणि कराडला कृष्णेला मिळते. पण तिच्यावरच्या धरणातलं पाणी बोगद्यांतून सह्याद्रीच्या अलीकडे आणून पोफळीला वीज बनवतात, मग कोळकेवाडीला अडवून पुन्हा वीज बनवतात. त्यानंतर उरतं ते अवजल. ते येतं आमच्या वाशिष्ठीत. धरणाची क्षमता सुमारे १०५ टीएमसी, आणि पश्चिमेला वळवायची वर्षाची मर्यादा ६७.५ टीएमसी. धरणाने एक नदी बदलते असं आपण समजतो. इथे दोन बदलल्या: एकीचं पाणी गेलं, दुसरीला परक्या नदीचं आलं.

आता मी पुण्यात सर्व्हर सांभाळतो. ट्रॅफिक वाढला की जादा मशिन्स आपोआप सुरू होतात. कोयना राज्याच्या ग्रिडसाठी तेच काम करते. कोळशाचा संच थंड असेल तर तो तापायला तास लागतात, पाण्याचं चाक काही मिनिटांत फिरतं. म्हणून शहरं दिवे लावतात तेव्हा आमच्याकडे नदी चढते. सकाळी गीझर लावताना मला हल्ली तो कातळ आठवतो.

२०२१च्या पुराबद्दल मी बोलत नाहीये. त्यात अतिवृष्टी होती, भरती होती. मी रोजच्या पाण्याबद्दल बोलतोय. आजी सांगते, लग्न होऊन आली तेव्हा वैशाखात वाशिष्ठी आटायची, बायका वाळूत झिरे खणायच्या. पहिल्या पावसात पाणी गढूळ व्हायचं आणि चढणीचे मासे वर निघायचे. माशांचं कॅलेंडर त्या पाण्यावर चालायचं: आटणं, मग एकदम भरणं, वेग, गढूळपणा, ऊब. आता उन्हाळ्यातही गोडं पाणी खाडीकडे जातं, आणि चढउतार ठरतो विजेच्या मागणीवर. माशाला मागणी कळत नाही.

मग हे बंद करा म्हणू? एकदा मी आजीला तसं म्हणालो. तिने नळाकडे बोट दाखवलं. वीजनिर्मिती थांबली की अवजल थांबतं, नदी खाली जाते आणि चिपळूणचे नळ बारीक होतात. आजीला झिऱ्यावरच्या रांगाही आठवतात.

म्हणून माझं मागणं लहान आहे. पाणी एकदम सोडू नका, टप्प्याटप्प्याने वाढवा आणि तसंच कमी करा. आधी भोंगा वाजवा, त्याची वेळ आम्हाला कळू द्या. आम्ही एखादं फीचर लाखो लोकांना एका झटक्यात देत नाही, थोडं थोडं देतो. नदीला एवढं तरी मिळावं.

गेल्या मे महिन्यात भाचीला घेऊन नदीवर गेलो होतो. तिला म्हणालो, आवाज बदलला की बाहेर.

तिने विचारलं, का? मी तिला काठावर बसवलं आणि कोयनेपासून सांगायला सुरुवात केली.